मानमोडी : खुराड्यातली मर आणि आमचा इतिहास

इतिहास म्हटला की किल्ले, तहनामे आणि गादीचे वाद आमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. सातारा म्हटले की छत्रपतींची गादी आणि सांगली-मिरज म्हटले की पटवर्धनांची संस्थाने. मोहल्ल्याचा इतिहास लिहायला बसलो तरी आम्ही दर्गा, मशीद, उरूस आणि इनामाचे कागद यांच्याभोवतीच फिरत राहतो. घराच्या मागच्या दाराने परसात उतरायचे आम्हाला सुचत नाही. तिथे मातीचे नाहीतर फळकुटांचे एक खुराडे असते, शेजारी डालगे पालथे घातलेले असते आणि राखेच्या ढिगात दोन-चार कोंबड्या लोळत असतात. या खुराड्याने किती घरांची चूल पेटती ठेवली याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. एखाद्या वर्षी मर येऊन खुराडे चार दिवसांत रिकामे झाले, तर त्याची नोंद तर कुठेच नाही. आमचे म्हणणे असे की हाही इतिहास आहे आणि तो आम्हीच लिहायला हवा.

जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ साली दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले तरी कृष्णाकाठची माणसे एकच राहिली. या पट्ट्यातले आम्ही मुसलमान म्हणजे मुलाणी, बागवान, आतार, तांबोळी, शिकलगार, पिंजारी, मोमीन, मणेर. आडनावातच धंदा. बहुतेकांकडे जमीन थोडी किंवा नाहीच. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला म्हैस परवडत नाही, कारण वैरण विकत आणावी लागते. शेळीला निदान चरायला माळ तरी हवा. कोंबडीला काहीच लागत नाही. घरातले खरकटे, जात्याखाली सांडलेले दाणे, उकिरड्यातले किडे एवढ्यावर तिचे भागते. म्हणून गरिबाच्या दारात पहिले जनावर येते ते कोंबडीच.

आणि ती बाईची असते. शेळी विकायची तर घरधन्याला विचारावे लागते. कोंबडी विकायला कुणाला विचारावे लागत नाही. अंड्यांचे पैसे पदराच्या गाठीत नाहीतर डब्यात तांदळाखाली जातात. पोराची वही, पोरीच्या बांगड्या, रमजानातले खजूर, अवेळी आलेला पाहुणा, तापात फणफणलेल्या लेकराला घेऊन गाठायची एसटी, हे सारे त्या गाठीतून निघते. आमच्या आया आणि खाला घरात दखनी बोलतात आणि दखनीत ‘घर की मुर्गी दाल बराबर’ ही म्हण सर्रास चालते. घरच्या कोंबडीची किंमत डाळीएवढी, असे पुरुषांनी म्हणावे. ज्या बाईने एकवीस दिवस खुडूक कोंबडीखालची अंडी सांभाळली, घारीला हाकलले, मुंगसाच्या वाटेवर काटे लावले, तिला तिची किंमत ठाऊक असते. खुराड्यात मर शिरली की तिची पेढी बुडते, आणि या पेढीला विमा नाही.

कोंबडीचा आणि आमचा संबंध परसापुरताच नाही. गावगाड्यात तो हक्काचा होता. साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून १८१८ ते १८२२ या काळात कारभार पाहणाऱ्या जेम्स ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात बलुतेदारांची यादी देताना त्याने मुलाण्याची गणना केली आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिले, त्यातही मुलाणा आपल्या जागी आहे. जत्रेचा बकरा असो की पाहुण्यासाठी धरलेला कोंबडा, त्याच्यावर सुरी फिरवायची ती मुलाण्याने, आणि बलुते घ्यायचे ते साऱ्या गावाकडून. मराठा, धनगर, माळी यांच्या घरीसुद्धा मुलाण्याच्या हातचेच चालत असे. हिंदू-मुसलमान एकोप्याच्या गप्पा व्यासपीठावरून मारल्या जातात, पण तो एकोपा मुलाण्याच्या सुरीवर पिढ्यान्‌पिढ्या तोलला गेला होता, हे फारसे कुणी सांगत नाही.

मात्र याच सुरीवर मरीच्या काळात मोठी जबाबदारी येऊन पडे. शरीयतीचा नियम स्पष्ट आहे. जीव असताना हलाल केले तर खाता येते. आपोआप मेले तर ते मुर्दार, मग ते कुणाच्याही घरचे असो. श्रीमंताला ही रेघ फक्त धर्माची वाटते, गरिबाला ती पैशाचीही असते. रेघेच्या अलीकडे रात्रीचे कालवण आहे, पलीकडे उकिरड्याशेजारचा खड्डा. त्यामुळे कोंबडी मान टाकू लागली की पोराला मुलाण्याकडे पळवायचे, जीव जायच्या आत सुरी फिरवून घ्यायची, असे आमच्या गावागावांत घडत आले. एकाच दिवसात पाच-सहा कोंबड्या कापल्या जात. दोन घरात शिजत, बाकीच्या स्वस्तात शेजारी नाहीतर बाजारात जात. घेणाऱ्याला कारण सांगितले जात असे, असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

आमच्या धर्मग्रंथात खाण्याविषयी ‘हलाल’ आणि ‘तय्यब’ हे दोन शब्द जोडीने येतात. तय्यब म्हणजे स्वच्छ, निकोप, चांगले. पहिला शब्द आम्ही पाठ केला, दुसरा विसरलो. सुरी वेळेवर फिरली म्हणून आजारी कोंबडी निरोगी होत नाही. मालातला दोष लपवून विकू नये, ही शिकवणही आम्हाला नवी नाही. तरीही मरीच्या दिवसांत माणूस असे का वागतो, हे समजून घ्यायचे तर मरीचा इतिहास पाहावा लागेल.

आमच्या भागात कोंबड्यांच्या सर्वांत मोठ्या मरीला ‘मानमोडी’ म्हणतात. कोंबडी आधी गप्प होते, खात नाही, पिसे फुगवून कोपऱ्यात बसते. हगवण हिरवट-पांढरी होते, तोंड उघडून ती घरघर श्वास घेते. मग मान वाकडी होते, काही वेळा पूर्ण मागे किंवा पाठीवर वळते. पाय लुळे पडतात आणि खेळ आटोपतो. दोन दिवसांत अर्धे खुराडे जाते, आठवड्यात सगळे. हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळा लागताना ही मर हमखास येते, हे आमच्या बायकांना कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे.

पण मानमोडी हे नाव फक्त कोंबड्यांपुरते नव्हते. १९१८ साली जगभर इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबई इलाख्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिने कहर केला. या साथीलाही महाराष्ट्रातल्या लोकांनी मानमोडीच म्हटले. धडधाकट, कमावत्या वयाची माणसे दोन-तीन दिवसांच्या तापात मान टाकत. हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसे दगावली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काहींचा आकडा पावणेदोन कोटींपर्यंत जातो. पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या, कारण आजाऱ्याची सेवा त्याच करत होत्या आणि घासही त्यांच्याच वाट्याला कमी येत होता. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. माणसाची मर आणि कोंबडीची मर यांना लोकांनी एकच नाव दिले, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले दृश्य एकच होते. उभा जीव मान मोडून पडतो.

वैद्यकशास्त्र सांगते की हे दोन आजार वेगळे आहेत. कोंबड्यांची मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. त्याचा विषाणू इन्फ्लुएंझाच्या कुळातला नाही. माणसाला त्याने झालाच तर डोळे येण्यासारखा किरकोळ त्रास होतो. पण कथा इथे संपत नाही. १९१८ च्या साथीच्या विषाणूची संपूर्ण रचना शास्त्रज्ञांनी २००५ साली उलगडली, तेव्हा तो पक्ष्यांच्या विषाणूंशी जवळचे नाते सांगणारा निघाला. आमच्या अडाणी समजल्या गेलेल्या आज्यांनी अजाणता एक नाव दोघांना दिले होते. त्या नावाला शास्त्राचा आधार नव्हता. पण पक्ष्याचा आजार आणि माणसाचा आजार यांच्यामध्ये भिंत नाही, कुडाचा पडदा आहे, एवढी गोष्ट त्या नावात आपसूक शिल्लक राहिली.

राणीखेत हे नाव कसे पडले, तेही सांगण्यासारखे आहे. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावाजवळ आणि जावा बेटावर कोंबड्यांची एक नवी जीवघेणी साथ नोंदवली गेली. जगाने तिला न्यूकॅसलचा रोग म्हटले. लगेच पुढच्या काळात आपल्याकडे कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत येथे तीच साथ आढळली, आणि हिंदुस्थानात त्या गावाचे नाव रोगाला चिकटले. त्या सुंदर गावाचा यात काही दोष नव्हता. ज्याने आजार उघडपणे सांगितला, त्याच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. आजार सांगणाऱ्याचे नाव खराब होते, ही भीती आमच्या मोहल्ल्यातच आहे असे नाही.

राणीखेतजवळच्या डोंगरातच मुक्तेश्वर येथे सरकारची जनावरांच्या रोगांवरची मोठी प्रयोगशाळा होती. ही प्रयोगशाळा मुळात आमच्या शेजारची. १८८९ च्या डिसेंबरात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून ती पुण्यात सुरू झाली. गुरांच्या बुळकांडीसारख्या रोगांवर काम करायचे तर वस्तीपासून दूर, थंड जागा हवी, म्हणून १८९३ साली ती मुक्तेश्वरला हलवण्यात आली. पुढे १९४० नंतरच्या दशकात तिथल्या संशोधकांनी राणीखेतचा विषाणू कोंबडीच्याच अंड्यातल्या गर्भात पुन:पुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्याची लस बनवली. ‘आर-टू-बी’ या नावाने पशुवैद्य ती ओळखतात. पुण्यातून गेलेली विद्या पुढे औषध होऊन पुण्यात परतली. औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत सरकार या लसी तयार करू लागले.

लस या कल्पनेचेच कोंबडीशी जुने नाते आहे. १८७९-८० साली लुई पाश्चरने प्रयोगशाळेत रोगजंतू सौम्य करून पहिली लस शोधली, ती कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर. कुत्रा चावल्यावरची लस त्यानंतरची. माणसाला वाचवणाऱ्या विद्येचा पहिला धडा कोंबडीच्या अंगावर गिरवला गेला. तीच लस कोंबडीच्या वाट्याला मात्र वेळेवर येत नाही, ही आमच्या खेड्यांची रड आहे.

कारण साधे आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली आर-टू-बीची सुई, आणि देवीची लस. एवढ्यावर मोठी मर टळते. खर्च म्हणाल तर कोंबडीमागे काही आणे. पण लासोटाची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती बर्फात आणावी लागते. एकदा पातळ केली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण शंभर मात्रा घेऊन काय करणार? शेडवाल्याला कुपी कमी पडते आणि परसवालीला ती जास्त होते. ज्या हिशेबाने औषध भरले जाते, त्या हिशेबात आमची बाई बसतच नाही.

शेडांचे युग आमच्या डोळ्यांदेखत आले. १९७१ साली पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी राहिली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कोंबडी हा कारखान्याचा माल झाला. खानापूर-विट्याच्या दुष्काळी माळावर अंड्यांच्या कोंबड्यांच्या लांबच लांब शेडा पडल्या. पाऊस नसलेल्या भागाला त्यांनी पोटाला लावले, हे मान्य केले पाहिजे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय झाले. ज्या क्रांतिसिंहांनी १९४३ नंतर याच पट्ट्यातल्या गावांत प्रतिसरकार चालवले, त्यांच्या नावाची संस्था जनावरांचे डॉक्टर घडवते, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही परसातली कोंबडी गेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातले कुक्कुटपक्षी ८५ कोटींवर भरले, त्यांतले परसातले ३१ कोटी ७० लाखांच्या घरात होते. २०१२ च्या मानाने परसातल्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे खुराडे ही जुन्या जमान्याची खूण नाही. ते आजचे आहे, वाढते आहे.

मग आला बर्ड फ्लू. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये या रोगाचे निदान जाहीर झाले. भोपाळच्या प्रयोगशाळेने ते केले. देशातली ही पहिली नोंद. आधी काही दिवस कोंबड्या मरत होत्या, आणि ही राणीखेतच असावी असे तिथे बोलले जात होते. त्यात नवल नव्हते. दोन्ही रोगांत कोंबडी जवळपास सारखीच मरते, डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. मग पांढऱ्या पोशाखातली माणसे आली. तीन किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. शेडातल्या मारल्या, तशा घराघरांत शिरून परसातल्याही. सातारा-सांगलीत रोग नव्हता, तरी बातमी पोचली आणि बाजार बसला. चिकनच्या दुकानांवर माश्या बसू लागल्या. या दुकानदारांत आमचीच माणसे मोठ्या संख्येने. रोग चारशे किलोमीटरवर आणि उपासमार इथे, असा तो प्रकार.

पंधरा वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि पुन्हा तेच निदान झाले. या वेळी परीघ एक किलोमीटरचा ठरला. नुकसानभरपाईचे दर जाहीर झाले. आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या मांसाच्या कोंबडीला ७०, लहान पिल्लाला २०, अंड्याला ३. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. बाजारात गावठी कोंबडी याच्या कितीतरी पट भावाने जाते, हे दर ठरवणाऱ्यांना माहीत नसेल असे नाही. पण खरी मेख दरात नाही, नियमात आहे. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबडीची. त्याआधी रोगाने मेलेली हिशेबात धरली जात नाही.

या एका नियमात आमच्या साऱ्या लपवालपवीचे मूळ आहे आणि तिच्यावरचा उपायही. विचार करा. एका बाईच्या दहा कोंबड्या आहेत. दोन मेल्या. तिने कळवले, तर उरलेल्या आठ जातील, शेजारणींच्याही जातील, आणि गल्लीभर तिचे नाव होईल. न कळवले, तर आठांपैकी चार कापून खाता येतील, दोन विकता येतील, नशीब असेल तर दोन वाचतील. गरिबीचे गणित तिला गप्प बसायला सांगते. तिला बेजबाबदार ठरवण्याआधी हे गणित मांडून पाहावे. पण गणिताची दुसरी बाजूही आहे. ती गप्प बसली की विकलेल्या दोन कोंबड्या रोग घेऊन दुसऱ्या गावच्या बाजारात जातात. उरलेल्या मरतात आणि मेल्यावर एक पैसा मिळत नाही. लवकर कळवले तर निदान जिवंत कोंबडीचे दाम सरकारदरबारी लागते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आमच्याकडे लेकरांनाही येते. मरीच्या बाबतीत ती अक्षरश: खरी आहे.

साथ आलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असाल तर तो सोडून पळू नये, ही पैगंबरांची शिकवण आमच्या मौलवींनी करोनाच्या दिवसांत किती वेळा सांगितली! ती कोंबड्यांच्या बाजारालाही लागू करायला कुणाची हरकत असणार? मर आलेल्या गल्लीतून कोंबडी बाहेर नेऊ नये, बाहेरची आत आणू नये. बर्ड फ्लूवरचा सरकारी आराखडा याहून वेगळे काय सांगतो?

नुकसान फक्त विषाणूच करतो असे नाही. २०१९ साल आमच्या दोन जिल्ह्यांना त्याचा धडा देऊन गेले. आधीच्या एक-दोन वर्षांत कडकनाथ कोंबडीची लाट आली होती. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही काळ्या मांसाची जात. तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले होते. त्या वेळचे इस्लामपूर, ज्याचे नाव २०२५ साली ईश्वरपूर झाले, तिथल्या एका कंपनीने योजना काढली. पैसे भरा, पिल्ले घ्या, वाढवा, अंडी आणि कोंबड्या आम्हीच परत घेऊ. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी, नोकरी नसलेल्या तरुणांनी, बायकांनी कर्ज काढून, दागिने मोडून पैसे गुंतवले. मग खाद्य यायचे थांबले, खरेदी थांबली. ऑगस्ट-सप्टेंबरात पोलिसांकडे तक्रारींची रीघ लागली. शेडात कोंबड्या रोगाने नव्हे, भुकेने मरत होत्या. राजकीय यात्रेच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या भिरकावून लोकांनी राग काढला. त्याच ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. पुरात माणसे गच्चीवर गेली, गुरे सोडून दिली गेली, खुराडी तशीच पाण्याखाली गेली. त्या वेळच्या आपत्ती मदतीच्या नियमात कोंबडीमागे ५० रुपये होते आणि घरटी ५,००० ची मर्यादा. आणि मेलेल्या कोंबडीचा पंचनामा करायला पुरानंतर पिसे तरी कुठून आणायची?

वर्ष सरते न सरते तोच मार्च २०२० मध्ये अफवा पसरली की कोंबडी खाल्ल्याने करोना होतो. शास्त्राला त्याचा पत्ताही नव्हता. पण भाव किलोला दहा रुपयांच्याही खाली घसरला. निरोगी कोंबड्या लोकांनी फुकट वाटल्या, खड्ड्यात पुरल्या. रोगाशिवाय मर येऊ शकते, हे आम्ही त्या वेळी पाहिले. आणि अफवा काय करू शकते, हे त्याच महिन्यांत आम्ही आमच्या स्वत:विषयीही अनुभवले. पक्ष्याला आणि माणसाला एकाच काळात एकाच तऱ्हेने बदनाम केले गेले. ते इथे अधिक खोलात सांगण्याची गरज नाही.

या सगळ्यात बाईने काय केले? तिने जे हाताशी होते ते केले. हळद-लसूण चारले, पाण्यात पोटॅशचा जांभळा खडा टाकला, खुराड्यात ऊद फिरवला, दर्ग्यावरचे पाणी शिंपडले. शेजारच्या घरी मरीआईला नैवेद्य गेला, आमच्या घरी फातिहा झाला. त्यावर हसू नये. सरकारी दवाखाना दोन कोसांवर आणि कुपी शंभर मात्रांची असताना जीव जाताना पाहत बसण्यापेक्षा काहीतरी केले, एवढेच त्याचे मोल. पण त्याने राणीखेत बरी होत नाही, हेही तेवढेच खरे. लागण झाल्यावर या रोगावर औषध नाही. जे काही आहे ते आधीची लस आहे आणि नंतरची स्वच्छता आहे. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये, चुना घालून खोल पुरावी. खुराडे रिकामे करून चुन्याने सारवावे, ऊन दाखवावे, आणि निदान काही आठवडे नवे पिल्लू आणू नये. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण रिकामे खुराडे डोळ्यांत सलते.

कारण दु:खही असते. कोंबडी मेली म्हणून रडणारी बाई आम्ही हसण्यावारी नेतो. बकऱ्याच्या कुर्बानीत त्यागाचा अर्थ असतो, जत्रेतल्या कोंबड्याला नवसाचा मान असतो. खुराड्यात मान मोडून पडलेल्या कोंबडीला काहीच नसते. तिला नावाने हाक मारणारी एक बाई असते आणि पायाला चिंधी बांधून तिची ओळख ठेवणारी पोर असते. उरलेली चार पिल्ले आईविना चिवचिवत फिरतात, त्यांना ती बाई रात्री टोपलीत कापडाखाली घेते. हा जीव लावण्याचा इतिहास आहे, आणि आमच्या बायकांनी तो एकही ओळ न लिहिता चालवला आहे.

आता प्रश्न काय करायचे हा आहे. आमच्या मते उत्तर फार दूर नाही. गल्लीतल्या बारा घरांच्या मिळून शंभर कोंबड्या होतात. म्हणजे जी कुपी एकीला जास्त होते, ती बाराजणींना पुरते. बचत गट आहेत, जमाती आहेत, मशिदीत ध्वनिक्षेपक आहे. रोज्याच्या वेळा सांगणाऱ्या त्या आवाजाने वर्षातून तीन-चारदा ‘उद्या सकाळी कोंबड्यांना लस टोचणार आहेत’ एवढे सांगितले, तर शेजारची मराठ्याची आणि धनगराची बाईसुद्धा डालगे घेऊन येईल. मुलाण्याची सुरी साऱ्या गावाची होती, तशी ही कुपीही साऱ्या गावाची व्हायला हवी. आणि सरकारकडे मागणे एवढेच की मेलेल्या पहिल्या दोन कोंबड्यांचीही नोंद घ्यावी आणि त्यांचे दाम द्यावे. जी बाई सर्वांत आधी खरे सांगते, तिलाच आजचा नियम दंड करतो.

मुलाण्यांना वेगळे सांगायला नको. बलुते गेले, पण गावाचा विश्वास अजून त्या सुरीवर आहे. आजारी कोंबडी समोर आली तर ‘ही मी कापणार नाही, आधी डॉक्टरला दाखवा’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी वापरावा. त्याने एका रात्रीचे कालवण जाईल. गावाचा विश्वास मात्र राहील, आणि तो गेला तर कोणत्याही सरकारी दराने भरून मिळत नाही.